युद्धात लोकांचा धीर कशावर टिकला: भाषणांवर की रेशनकार्डावर?

खडूफळा

सुट्टीत दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटन आणि जर्मनीबद्दल बरंच वाचून काढलं. रणगाडे, विमानं, सेनापती यांवर मराठीत खंडीभर मजकूर आहे. पण सकाळी दारात दूध आलंय का बघणारी बाई, रात्रभर बॉम्ब पडल्यावर काचांवरून चालत कचेरीत जाणारा कारकून, यांच्याबद्दल फारच थोडं. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. प्रचारखात्यांना आपण उगाच डोक्यावर बसवलंय. लोकांचा धीर पोस्टरांनी टिकला नाही, भाषणांनी थोडाफार टिकला, आणि मुख्यतः टिकला तो वाटप बऱ्यापैकी न्यायाने झाल्यामुळे.

ब्रिटनचंच घ्या. युद्ध सुरू होताच माहिती मंत्रालय उभं राहिलं, लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसमध्ये. पहिल्या दोन वर्षांत चार मंत्री. पहिलं मोठं पोस्टर काय, तर 'तुमचं धैर्य, तुमचा उत्साह, तुमचा निर्धार आपल्याला विजय मिळवून देईल.' लोकांनी त्याचा अर्थ लावला की सोसायचं आम्ही आणि जिंकायचं साहेबांनी. जुलै १९४० मध्ये अफवा आणि निराशेच्या बोलण्याविरुद्ध मोहीम काढली, तोंड उघडलं म्हणून माणसांवर खटले भरले. इतका आरडाओरडा झाला की चर्चिलला ती महिन्याच्या आत गुंडाळावी लागली. लोकांच्या मनात काय चाललंय हे कळावं म्हणून सर्वेक्षक दारोदार पाठवले, तर वर्तमानपत्रांनी त्यांना मंत्री डफ कूपरचे हेर ठरवून टर उडवली.

दुसरीकडे अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन. मूळचा मोठ्या दुकानांच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे गिऱ्हाईक कशाने चिडतं हे ठाऊक. बेकन, लोणी, साखर जानेवारी १९४० पासून रेशनवर. जुलैत चहा, माणशी आठवड्याला दोन औंस. पण पाव आणि बटाटे युद्ध संपेपर्यंत मोकळे ठेवले. बाळंतिणींना आणि पोरांना दूध, कॉड माशाचं तेल, संत्र्याचा रस. युद्ध चालू असताना ब्रिटनमधलं बालमृत्यूचं प्रमाण खाली आलं, हे कुठल्या पोस्टरने केलं?

घरातल्या जुन्या माणसांकडून काही ऐकलं असेल तर तेही लिहा.

चकली

मस्त धागा. माझ्या टेबलावर 'कीप काम अँड कॅरी ऑन' लिहिलेला मग आहे, त्याचं काय करू?

तिरकस

चकली, त्यात आठवडाभराचा चहा दोन औंसच घाल.

लेस्टरची सून

चकलीताई, त्या मगाची गंमत अशी की त्यावरचं 'शांत राहा, काम चालू ठेवा' हे सरकारी पोस्टर युद्धात कोणी फारसं पाहिलंच नाही. १९३९ मध्ये सुमारे २४.५ लाख प्रती छापल्या, मोठ्या संकटासाठी राखून ठेवल्या आणि पुढे बहुतेक रद्दीत घातल्या. २००० साली ॲल्निक गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत निघाली, मालकांनी भिंतीवर लावली आणि पुढे कॉफीचे मग, टीशर्ट, पायपुसणी... ज्याने युद्धात कोणालाच धीर दिला नाही ते आता त्या धीराचं चिन्ह झालंय.

खडूफळा, तुमच्याशी अर्धी सहमत. माझे आजेसासरे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हल शहरातले. मे १९४१ मध्ये त्यांची गल्ली गेली. हल हे लंडनखालोखाल मार खाल्लेल्या शहरांपैकी एक, पण बातम्यांत नाव नाही. 'ईशान्य किनाऱ्यावरच्या एका शहरावर हल्ला झाला', एवढंच. शत्रूला निशाणा लागला की चुकला ते कळू नये म्हणून. आजोबा शेवटपर्यंत या गोष्टीवर चिडायचे. बॉम्बचं त्यांनी कधीच फारसं सांगितलं नाही, पण लंडनचं नाव रोज छापून येतं आणि आमचं नाही, हे मात्र दर ख्रिसमसला. म्हणजे नुसतं वाटप पुरत नाही हो. आपण सोसतोय हे कोणीतरी मोठ्याने म्हणावं लागतं.

हुपरीकर

लेस्टरताईंना +१.

खडूफळा सर, भाषणांना 'थोडाफार' म्हणून बाजूला सारताय ते पटलं नाही. मे-जून १९४० आठवा. फ्रान्स कोसळतोय, मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स वाटाघाटीची भाषा करतोय. अशा वेळी चर्चिल उभा राहून सांगतो की देण्यासारखं माझ्याकडे रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम एवढंच आहे. रेशनकार्डाने लोक जगतील, पण तह करायचा की लढायचं हे रेशनकार्ड ठरवत नाही. आणि ७ सप्टेंबरला ब्लिट्झ, म्हणजे लंडनवरचा जर्मन बॉम्बहल्ला, सुरू झाला, तर दुसऱ्याच दिवशी तो लंडनच्या गरीब वस्तीतल्या, ईस्ट एंडच्या ढिगाऱ्यांत हजर होता. हिटलर बॉम्ब पडलेली शहरं बघायला गेला नाही.

खडूफळा

हुपरीकर, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि लोकांचा धीर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शिवाय ४ जूनचं ते 'किनाऱ्यांवर लढू'वालं भाषण त्या दिवशी लोकांनी चर्चिलच्या आवाजात ऐकलंच नाही. तो संसदेत बोलला, रात्रीच्या बातम्यांत बीबीसीच्या निवेदकाने त्यातले उतारे वाचले. आज जी ध्वनिमुद्रिका ऐकू येते ती १९४९ ची. १८ जूनचं मात्र त्याने स्वतः रेडिओवर केलं.

हुपरीकर

निवेदकाने वाचलं तरी शब्द त्याचेच ना? आपल्याकडे किती लोकांनी पुढाऱ्यांची भाषणं प्रत्यक्ष ऐकली? दुसऱ्या दिवशीच्या 'केसरी'त वाचली. तेवढ्यावर गावं पेटली.

टांगेवाला

मला या सगळ्यात भुयारी रेल्वेचा किस्सा सगळ्यात आवडतो. सरकारने सांगितलं होतं की स्टेशनांचा आसरा म्हणून वापर करायचा नाही, लोक एकदा खाली गेले की वर यायचेच नाहीत. ब्लिट्झ सुरू झाल्यावर ईस्ट एंडच्या लोकांनी काय करावं? सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं, गाद्या-उशा घेऊन खाली उतरले आणि फलाटावरच पथाऱ्या पसरल्या. १४ सप्टेंबरला स्टेपनीचे कम्युनिस्ट पोराबाळांसकट थेट सॅव्हॉय हॉटेलच्या तळघरात घुसले, कारण श्रीमंतांसाठी तिथे झोपायची उत्तम सोय होती. मग सरकारने स्टेशनं अधिकृतपणे खुली केली, बंक टाकले, संडासांची सोय केली. आणि पुढे त्याच फलाटांवर झोपलेल्या लोकांचे फोटो 'लंडनवासीयांचा निर्धार' म्हणून जगभर गेले.

म्हणजे आधी लोकांनी सरकारला वाकवलं, मग सरकारने त्याचं पोस्टर केलं.

चकली

तो ढिगाऱ्यावरून दुधाच्या बाटल्या घेऊन चाललेला हसरा दूधवाला पण ना? ऑक्टोबर १९४० चा फोटो.

तिरकस

तो दूधवाला फोटोग्राफरचा मदतनीस होता, कोट उसना आणला होता, असं सांगतात. नुसत्या ढिगाऱ्याचा फोटो सेन्सॉरने अडवला असता.

मधुरा_के

इतका वेळ नुसतं वाचत होते. मी श्टुटगार्टला असते, म्हणून दुसऱ्या बाजूचं लिहिते. लांबेल, सांभाळून घ्या.

हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने १९३३ मध्येच स्वस्त रेडिओ बाजारात आणवला, किंमत ७६ मार्क. नंतरचा छोटा ३५ मार्कांचा. लोक त्या छोट्याला 'गोबेल्सचं थोबाड' म्हणायचे. १ सप्टेंबर १९३९ पासून परदेशी केंद्र ऐकणं गुन्हा, रेडिओच्या खुंटीला तशा ताकिदीची चिठ्ठी अडकवलेली. तरी लोक गोधडीत डोकं घालून बीबीसी ऐकत होते, आणि त्यापायी तुरुंगातही जात होते.

पण गोबेल्स स्वतःच्या प्रचारावर विसंबून नव्हता. गुप्तचर खातं देशभरातून लोक काय बोलतात त्याचे अहवाल गोळा करायचं, अगदी रांगेतल्या बायकांच्या शिव्यांसकट. त्यात काय दिसतं? एप्रिल १९४२ मध्ये पावाचं रेशन कापलं, तेव्हा लोकांची मनःस्थिती लढाईच्या कुठल्याही बातमीपेक्षा जास्त घसरली. इथपर्यंत खडूफळा खूश होतील.

आता पुढचं. त्याच वर्षी ऑक्टोबरात नाझी नेता गोरिंगने बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये जाहीर केलं की कोणी उपाशी राहिलंच तर ते जर्मन नसतील. रेशन वाढलं. ते धान्य आलं कुठून? युक्रेन, पोलंड, फ्रान्स ओरबाडून. रशियातली शहरं उपाशी मारून सैन्याला खायला घालायचं हे तर स्वारीच्या आधीच कागदावर ठरलेलं होतं. म्हणजे ताट भरलं की धीर टिकतो हे खरं, पण ताट कोणाचं ओढून भरलं हा प्रश्न तुमच्या सिद्धांतात कुठे बसतो?

दुसरं, भीती. १८ फेब्रुवारी १९४३, स्टालिनग्राड पडून जेमतेम पंधरवडा झालेला. गोबेल्स निवडून बसवलेल्या श्रोत्यांना विचारतो, तुम्हाला सर्वंकष युद्ध हवंय का? सगळे ओरडतात, हो! त्याच दिवशी म्युनिक विद्यापीठात हान्स आणि सोफी शोल हे भाऊ-बहीण नाझींविरुद्धची पत्रकं टाकताना पकडले गेले. २२ तारखेला शिरच्छेद. ज्याला हो म्हणायचं नव्हतं त्याने काय करायचं, हे चार दिवसांत सगळ्यांना कळलं. शेवटच्या वर्षात जर्मन लोक का टिकले याचं उत्तर मला रेशनपेक्षा इथे जास्त दिसतं.

रेडिओदुरुस्ती

मधुराताई, जबरदस्त प्रतिसाद. एक भर: तिकडचा रेडिओ इकडे पण ऐकला जायचा. विल्यम जॉइस, उर्फ लॉर्ड हॉहॉ, हॅम्बुर्गहून इंग्रजीत बोलायचा. सुरुवातीला ब्रिटनमध्ये लाखो लोक करमणूक म्हणून ऐकायचे, कारण बीबीसीवर ऑर्गन वाजत असायचा. जानेवारी १९४६ मध्ये त्याला देशद्रोहासाठी फाशी दिलं.

टांगेवाला

अवांतर: गाजर खाल्ल्याने रात्री दिसतं ही थाप त्याच युद्धातली ना? माझ्या आईने त्या थापेवर मला किलोकिलोने गाजरं चारली आहेत. चश्मा लागायचा तो लागलाच.

लेस्टरची सून

थोडी थाप, थोडं खरं. वैमानिक जॉन कनिंगहॅम रात्रीच्या अंधारात जर्मन विमानं पाडायला लागला ते विमानात बसवलेल्या रडारमुळे. ते गुपित राखायचं होतं, म्हणून गाजरं खाऊन त्याची नजर मांजरासारखी झालीय असं पसरवलं. जर्मन फसले का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. पण अन्न मंत्रालयाचं काम झालं. गाजरं उदंड होती, साखर नव्हती.

पाटलीण

तुमचं सगळं इंग्लंड-जर्मनी चाललंय, मी मुंबईचं सांगते.

माझी आजी तेव्हा गिरगावात. नवीन लग्न झालेलं. १४ एप्रिल १९४४, दुपारी चार वाजून गेलेले. आजी म्हणायची, आधी जमीन हलली, मग खिडक्या आत आल्या. थोड्या वेळाने पुन्हा तसाच दणका. चाळीत एकच ओरड, जपान्यांनी बॉम्ब टाकला. लोक पिशव्या भरून बोरीबंदरकडे पळाले, कोकणात जायला. आजोबा कामावरून रात्री उशिरा आले ते काळेठिक्कर, कोणीतरी विझवायला उभं केलं होतं. व्हिक्टोरिया डॉकमध्ये जहाज उडालं हे त्यांनी सांगितलं तेव्हा घरात कळलं. आजीचा राग कशावर, तर पेपरात नीट काही छापून येईना. शेजारची बाई म्हणायची जपानी, आजी म्हणायची जहाज, आणि दोघींकडे पुरावा नाही. बरेच दिवस अबोला होता म्हणे.

रेडिओदुरुस्ती

पाटलीणबाई, तुमच्या आजी बरोबर होत्या. 'फोर्ट स्टिकिन' जहाज. १४०० टनांच्या आसपास दारूगोळा आणि त्याच जहाजावर कापसाच्या गाठी, शिवाय सोन्याच्या विटा. मृतांचे आकडे आठशे ते तेराशेच्या दरम्यान मिळतात, ऐंशी हजारांच्या आसपास लोक बेघर. आपण १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतो तो त्यात गेलेल्या जवानांसाठी.

आणि बातमीचं पाहा. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी सविस्तर सांगितलं. इथल्या सेन्सॉरने वार्ताहरांना बातम्या बाहेर पाठवू दिल्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात! मुंबईत काय झालं हे मुंबईबाहेर सांगणारा पहिला शत्रूच. मग लोक उद्या कोणावर विश्वास ठेवतील?

मुंबईतच १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत काँग्रेस रेडिओ चालला, उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलून बदलून प्रक्षेपण करत होते. आष्टी-चिमूरला काय अत्याचार झाले ते पेपर छापत नव्हते, या रेडिओने सांगितलं. १२ नोव्हेंबरला पकडले गेले. छोटंसं यंत्र, पल्ला तो किती, पण सरकारी रेडिओपेक्षा वजन जास्त. सरकारचा रेडिओ गप्प होता, एवढंच त्याचं भांडवल.

जुनाट नाणी

भोकाचा पैसा विसरलात सगळे! १९४३ पासूनचा. तांबं वाचवायला मधोमध भोक पाडलेलं. आणि त्याआधी १९४० मध्ये एक रुपयाची नोट पुन्हा काढली, कारण फ्रान्स पडल्याची बातमी येताच लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घरात नेऊन पुरायला सुरुवात केली. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरवावं लागलं. सरकार रेडिओवर म्हणतंय आम्ही जिंकतोय, आणि वाणी म्हणतोय चांदी द्या. लोकांचं खरं मत असं मोजावं. माझ्याकडे १९४३ चे तीन वेगवेगळे पैसे आहेत, फोटो टाकतो नंतर.

तिरकस

नाणीकाका, टाका फोटो. भोकातून सेन्सॉर दिसतो का बघू.

हुपरीकर

आता मूळ धाग्याबद्दल स्पष्टच बोलतो. खडूफळा सर, तुम्ही ज्या न्याय्य वाटपाचं कौतुक करताय ते त्याच साम्राज्यात १९४३ मध्ये बंगालमध्ये कुठे गेलं होतं? जपानी येतील म्हणून १९४२ मध्ये किनाऱ्यावरच्या हजारो होड्या काढून घेतल्या, मोडल्या. मासेमारी गेली, तांदळाची वाहतूक गेली. लष्कर, कारखाने, कलकत्ता यांना आधी धान्य. खेड्यातल्या माणसाच्या हाती ना रेशनकार्ड ना पैसा. वीस ते तीस लाख माणसं मेली. दुष्काळ असा अधिकृतपणे जाहीरसुद्धा केला नाही, कारण जाहीर केला तर नियमाप्रमाणे मदत द्यावी लागली असती. 'स्टेट्समन'च्या संपादकाने, तोही इंग्रजच, २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या रस्त्यांवरचे फोटो छापले तेव्हा दिल्ली-लंडनला जाग आली. मुंबईत त्याच वर्षी रेशनिंग लागू झालं आणि मुंबई तगली. मग हे वाटप न्यायाचं होतं की ज्यांच्या रागाची भीती होती त्यांच्यापुरतं होतं?

विदर्भाचा_वारा

हुपरीकर, पण वर तुम्हीच चर्चिलच्या भाषणाचे गोडवे गात होता!

हुपरीकर

भाषण चांगलं होतं. माणूस बंगालच्या बाबतीत निर्दय होता. दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं आहे, त्यात गोंधळ कसला?

(यानंतर सध्याच्या राजकारणावरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. १९४५ च्या अलीकडे येऊ नका. – व्यवस्थापक)

तिरकस

माहिती मंत्रालय आलं रे.

खडूफळा

परीक्षांचे पेपर तपासत होतो, उशीर झाला.

मधुरा आणि हुपरीकर, तुमचे मुद्दे माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातात असं मला वाटत नाही. ज्याच्या असंतोषाची सत्तेला भीती असते त्याला सत्ता खायला घालते, हेच तर मी म्हणतोय. लंडनचा कामगार मतदार होता, संपाला बसू शकत होता, सॅव्हॉयमध्ये घुसू शकत होता. बंगालमधल्या मेदिनीपूरचा शेतमजूर यातलं काहीच करू शकत नव्हता. जर्मन कामगाराला १९१८ ची उपासमार आणि क्रांती आठवत होती, आणि हिटलरलाही.

पुढाऱ्याबद्दल म्हणाल तर १९४५ ची निवडणूक बघा. युद्ध जिंकून दिलेला चर्चिल जुलैत हरला, मजूर पक्षाला ३९३ जागा. डिसेंबर १९४२ मध्ये बेव्हरिजचा सामाजिक विम्याचा अहवाल आला, तेव्हा सरकारी अहवाल विकत घ्यायला लोकांनी रांगा लावल्या. लोक भाषण ऐकत होते आणि डोळे पुढच्या पानावर होते. त्यात जून १९४५ मध्ये चर्चिल रेडिओवर म्हणाला की मजूर पक्षाला राज्य करायला गेस्टापोसारखं, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांसारखं, काहीतरी लागेल. पाच वर्षं मजूर पक्षाच्या ज्या नेत्याला, ॲटलीला, मांडीला मांडी लावून मंत्रिमंडळात बसवलं त्याच्याबद्दल! लोकांना ते रुचलं नाही.

हुपरीकर

सर, मग एवढ्याचं उत्तर द्या. जुलै १९४६ मध्ये, युद्ध जिंकून वर्ष झाल्यावर, ब्रिटनमध्ये पाव रेशनवर आला. युद्धात कधी आला नव्हता. दोन वर्षं राहिला. वाटप तेवढंच न्यायाचं, यंत्रणा तीच, सरकार तर कामगारांचंच. तरी गृहिणी रस्त्यावर आल्या, बेकरीवाले बंडाच्या भाषेत बोलायला लागले. मांस तर जुलै १९५४ मध्ये मोकळं झालं, तोवर चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाला होता. ज्या रेशनकार्डाने युद्धात धीर दिला त्यानेच नंतर सरकार का खिळखिळं केलं? कार्ड तेच होतं. हे कशासाठी सोसायचं ते रोज सांगणारा माणूस आणि समोरचा शत्रू, दोन्ही गेले होते.

लेस्टरची सून

इथे मला हुपरीकरांचं पटतंय. आजेसासूबाई लढाईतल्या रेशनबद्दल हसून बोलायच्या. पाच इंच पाण्यात आंघोळ, राजवाड्यातल्या टबातसुद्धा तेवढीच रेघ, वगैरे. १९४७ च्या रेशनबद्दल बोलताना आवाज चढायचा.

खडूफळा

१९४६ चा गहू अंशतः जर्मनीतल्या ब्रिटिश ताब्यातल्या भागात जात होता, आणि जगभरच धान्याची टंचाई होती, भारतातही. ब्रिटिश बाईला आपलं कापलेलं रेशन कोणाच्या ताटात गेलं ते दिसत नव्हतं, आणि जे ऐकू येत होतं ते आवडत नव्हतं. सहा वर्षांचा थकवाही धरा. तुमच्या 'सांगणाऱ्या माणसाला' मी एवढ्यावर सगळं श्रेय द्यायला तयार नाही. चर्चिल १९४६ मध्ये खुर्चीत असता तर पाव गोड लागला असता?

हुपरीकर

गोड नाही, पण गिळला असता.

मधुरा_के

त्या गव्हाचं दुसरं टोक इकडे आहे. मार्च १९४६ मध्ये ब्रिटिश ताब्यातल्या भागात रेशन दिवसाला हजार उष्मांकांच्या आसपास आलं होतं. माझ्या घरमालकीणबाई तेव्हा ऱ्हुर या कोळसाखाणींच्या भागात शाळेत होत्या, कोळशाच्या गाड्यांवर चढून कोळसा काढायच्या त्या गोष्टी त्या अजून सांगतात. गंमत म्हणजे त्यांच्या पिढीला 'युद्धात खायला होतं, शांतता आल्यावर उपाशी राहिलो' असंच आठवतं. ते युद्धातलं खाणं कुठून यायचं हे त्यांना शाळेत फार उशिरा शिकवलं. १९४६-४७ च्या त्या हिवाळ्यावर वेगळा धागा काढते, इथे आता फार गर्दी झाली. नाणीकाका, तुमचे फोटो अजून आले नाहीत.